ज्याचं तोंड दिसेल, त्याचं मत

आमच्या इमारतीच्या नियमांत एक नियम माझ्या शब्दांत आहे. बाकीचे वकिलाने लिहिलेत, त्यामुळे ते कोणी पाळत नाही. माझा पाळतात, कारण तो कळतो. ‘मीटिंगमध्ये ज्याचं तोंड दिसेल, त्याचंच मत धरावं.’ संपला नियम. मी चौथीनंतर शाळा सोडली, पण एवढं सुटसुटीत लिहायला चौथी पुरते. पुढची पंधरा वर्षं माणसं ते लांबवायला शिकतात.

तो नियम करायची वेळ का आली, तेही सांगते. आमच्या मीटिंगा हल्ली कॉम्प्युटरवर होतात. निम्मे मालक दुसरीकडे राहतात, आणि जे इथेच राहतात त्यांना खालच्या हॉलमध्ये येऊन बसायचा कंटाळा. मग सगळे आपापल्या घरी बसतात आणि एकमेकांना चौकोनांत बघतात. मागच्या मीटिंगला चौथ्या मजल्यावरच्या सायकलवाल्याचा चौकोन नुसता काळा होता. आतून मत येत होतं आणि मागून कात्रीचा कचकच आवाज येत होता. हा गृहस्थ न्हाव्याच्या खुर्चीत बसून आमच्या पाण्याच्या टाकीचा निर्णय लावत होता. मी तिथल्या तिथे नियम मांडला. कोणी विरोध केला नाही. सायकलवाल्यानेही नाही. वस्तरा मानेवर असताना माणूस समंजस होतो.

तर त्याच सायकलवाल्याने या वेळच्या मीटिंगला अर्ज दिला, की जिन्यातला बाक काढून तिथे त्याला सायकल ठेवू द्यावी.

हा बाक म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर, खिडकीखाली आहे. साधा लाकडी. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून आम्ही येता-जाता त्या बाकावर थांबतो. हे बसतात, मग मलाही बसावं लागतं. नवरा बसलाय आणि बायको शेजारी उभी, हे बरं दिसत नाही. बाक गेला तर हे जिना चढायचे नाहीत, आणि चढायचे नाहीत म्हणून उतरायचे नाहीत, आणि मग दिवसभर घरात माझ्या मागे मागे. सायकलवाल्याची सायकल म्हणे फार महागाची, खाली ठेवली तर चोरीला जाईल, आणि चौथ्या मजल्यापर्यंत उचलून नेली तर त्याची कंबर जाईल. म्हणून मध्येच ठेवायची. व्यायामासाठी घेतलेली सायकल उचलायची नाही, असा त्याचा व्यायाम.

मी घरोघर जाऊन अंदाज घेतला. मतं अगदी काठावर होती. बरोबरी झाली तर अध्यक्ष ठरवणार, आणि अध्यक्ष दर रविवारी सायकलवाल्याबरोबर सायकल चालवतात. म्हणजे आमच्या घराचं एक मत पडलं तर बाक राहतो, नाही पडलं तर जातो. इतकं सरळ होतं.

आणि त्याच आठवड्यात सूनबाईने लॅपटॉपला अपग्रेड केलं.

का केलं, तर लॅपटॉपने विचारलं म्हणून. मी म्हटलं, “विचारलं म्हणून लगेच हो म्हणायचं असतं का?” ती म्हणाली, “आई, नाही म्हटलं तर तो रोज विचारतो.” ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, लोकांच्या रक्तातलं सगळं तिला दिसतं, पण घरातलं संकट येताना दिसत नाही. लॅपटॉप बराच वेळ स्वतःशीच गोल गोल फिरत बसला. मग बंद पडला, मग परत उठला, आणि पडद्यावरचं सगळं सामान इकडचं तिकडे करून ठेवलेलं. दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने आपलं स्वयंपाकघर लावून द्यावं, तसं.

सूनबाई कामावर गेली. मी नेहमीप्रमाणे लॅपटॉप पुसून घेतला. रोज पुसते. आमच्या ह्यांच्या जुन्या बनियनचं मऊ फडकं त्यासाठी वेगळं ठेवलंय. पडदा, मग बटणं, मग पाठ. तीन वर्षं झाली, अजून नवा दिसतो. मग म्हटलं, मीटिंगची खिडकी उघडून बघावी. उघडली तर माझा चौकोन काळा, आणि मधोमध एका कॅमेऱ्याचं चित्र, त्यावर आडवी काट.

संध्याकाळी सून आल्या आल्या तिच्या हातात लॅपटॉप दिला. “घे. तुझं अपग्रेड.”

तिने पर्स खांद्यावरून न काढता बटणं दाबली. “परवानगी काढून घेतली असेल त्याने.”

“कोणाची परवानगी?”

“कॅमेऱ्याला बघायची.”

माझ्याच घरात, मला बघायला, ह्या डब्याने परवानगी काढून घेतली. ऐकून घेतलं. तिने कुठे कुठे जाऊन ती परत दिली, लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि चौकोनात मी दिसले. केस विस्कटलेले होते, पण दिसले. सून म्हणाली, “बघा, झालं.” आणि मग पर्स ठेवली.

ती तशीच कामावरून आलेली, हातांना हॉस्पिटलचा वास. मी लगेच फडकं फिरवलं. आमचे हे पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते, ते मान वर करून म्हणाले, “अगं, ते फडकं...”

“धुतलेलंच आहे,” मी म्हटलं. त्या बनियनवरून त्यांचा जीव अजून निघत नाही.

सकाळी कॅमेरा पुन्हा काळा.

आता सूनबाईला सकाळची घाई, आणि मला तिच्यापुढे दोनदा तोंड वेंगाडायचं नव्हतं. पण आमच्या समोरच्या दारात एक गृहस्थ राहतात, त्यांच्यापासून कुठलीच अडचण लपत नाही. त्यांना सगळी इमारत माहितीवाले म्हणते, कारण ते प्रत्येक वाक्य “मला माहितीये” असं सुरू करतात. नळ गळो, दात दुखो, त्यांना माहिती असते. मी दार उघडून पायपुसणं झटकत होते, तेवढ्यात ते म्हणालेच, “मला माहितीये वहिनी. कॅमेरा ना?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुम्ही काल सूनबाईंना सांगत होतात, ते जिन्यात ऐकू आलं.”

ते आत आले, खुर्ची ओढून बसले. चहा झाला, बिस्किटं झाली. त्यांचं निदान असं, की अपग्रेड झालं की जुना कॅमेरा आणि नवं सामान यांचं पटत नाही. आधी कॅमेऱ्याला लॅपटॉपमधून पूर्ण काढून टाकायचं आणि मग नव्याने आत घ्यायचं. मी म्हटलं, “काढून टाकल्यावर परत येईल ना?” ते म्हणाले, “मला माहितीये, येतो.” मग त्यांनी कॅमेऱ्याला काढून टाकलं. त्याबरोबर आवाजही गेला. मग आवाज शोधण्यात बराच वेळ गेला, तोपर्यंत बिस्किटांचा दुसरा पुडा. शेवटी त्यांनी लॅपटॉप बंद करून चालू केला आणि चौकोनात माहितीवाले स्वतःच दिसले, हनुवटीला बिस्किटाचा चुरा लावून. स्वतःकडे इतक्या कौतुकाने बघणारा माणूस मी पाहिला नाही.

“अडलंच तर माझा फोन देईन वहिनी,” जाताना म्हणाले.

“आणि तुम्ही कुठून मत देणार?”

यावर त्यांना काही माहिती नव्हती. आमच्या घरी एक माझा बटणांचा फोन, त्याला कॅमेरा नाही. सुनेचा फोन सुनेबरोबर जातो, आणि मीटिंगच्या रविवारी तिची ड्यूटी. मुलगा बोटीवर नोकरीला; तो कुठल्या समुद्रात आहे, हे त्यालाच विचारावं लागतं. म्हणजे लॅपटॉपला पर्याय नाही.

माहितीवाले गेल्यावर लॅपटॉपची जी दशा होती, ती बघवत नव्हती. प्रत्येक बटणाच्या फटीत बिस्किट. मी तो उलटा करून झटकला आणि फडक्याने खसाखसा पुसला. आमचे हे म्हणाले, “मी काय म्हणतो, ते फडकं...” मी म्हटलं, “तुम्हाला नवे आणलेत ना दोन? मग एका जुन्यासाठी किती?”

ते परत शब्दकोड्यात गेले. कॅमेरा परत अंधारात गेला.

मग मी सेक्रेटरीकडे गेले. पहिल्या मजल्यावर राहतो, मुलाच्या वयाचा आहे, पण खुर्चीवर बसला की सरकार होतो. मी म्हटलं, मी रविवारी तुझ्याच घरी येऊन बसते, तुझ्याच कॅमेऱ्यासमोर. तो म्हणाला, “काकू, एका चौकोनात दोन तोंडं आली तर मत एकच धरतात.” बरं, मी कागदावर लिहून देते. “लेखी मत आठ दिवस आधी द्यायला लागतं.” बरं, मी मीटिंग चालू असताना तुझ्या दाराशी उभी राहून सांगते. तुझ्या डोळ्यांसमोर. तो खाली बघून म्हणाला, “काकू, नियमात तोंड मीटिंगमध्ये दिसावं असं आहे. दारात नाही.” आणि मग, मला वाटतं चांगल्या मनानेच, पण म्हणालाच, “तुमचाच नियम आहे.”

मी जिना चढून आले. आमचे हे बाकावर बसले होते. मीही बसले. माझं तोंड बघून त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. एवढी वर्षं संसार झाला की माणसाला खिडकी कधी वापरायची ते कळतं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात नेला. दुकानदार तरुण होता, डोळ्याला भिंग लावलेलं. त्याने अपग्रेड म्हटल्याबरोबर मान हलवली, म्हणजे डॉक्टर वय विचारल्यावर हलवतात तशी. “मावशी, आतली पट्टी सैल झाली असणार. अपग्रेडने फक्त निमित्त झालं.” त्याने लॅपटॉप उघडला. आत काही खास नसतं, मी बघितलं. इतके पैसे घेऊन आत नुसता पंखा. त्याने पट्टी दाबली, परत स्क्रू लावले, चालू केला, आणि मी चौकोनात आले. मागे त्याची सगळी गिऱ्हाइकं. एकीने मला हात केला.

घरी येताना बाकावर बसले. मी एकटी कधी बसत नाही, पण अशा नाजूक वस्तूला एका दमात तीन मजले चढवू नये. तिलाही जरा टेकू द्यावं.

घरी येऊन दुकानातली धूळ पुसली, स्क्रूंच्या खाचांतसुद्धा. मीटिंगची खिडकी उघडली. चौकोन काळा.

आता मात्र माझा संताप झाला. तशीच उलट पावली दुकानात. दारातूनच म्हटलं, “काय रे, माझ्या वयाकडे बघून फसवतोस?” सगळ्या गिऱ्हाइकांनी वळून बघितलं. तोही घाबरला. त्याने लॅपटॉप घेतला, बंद करून चालू केला, आणि माझ्याकडे फिरवला. चौकोनात मी होते. लालबुंद, तोंड उघडं, एक बोट वर.

“चालतोय की, मावशी,” तो म्हणाला.

मगाशी हात करणारी बाई अजून तिथेच होती. तिने या वेळी हात केला नाही. तिच्या चेहऱ्यावर जी दया होती, ती मी घरापर्यंत घेऊन आले. परतताना बाकावर जरा जास्तच वेळ बसले, कारण लॅपटॉपही थकला असणार.

रविवार उजाडला. सूनबाई जाताना म्हणाली, “आई, चालला नाही तर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा. बोलायला माणूस येईपर्यंत ठेवू नका.” चालत नव्हताच. मी फोन लावला. आधी एका यंत्राने मला एक दाब, दोन दाब केलं. मग बासरी लागली. मध्येमध्ये यंत्र सांगायचं की माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. इतका महत्त्वाचा होता की कोणी उचलायला धजत नव्हतं. शेवटी एक मुलगी आली, आवाज गोड, पण लिहून दिलेलं वाचत होती.

“मॅडम, लॅपटॉपच्या खालचा नंबर वाचाल का?”

“लॅपटॉप चालू आहे. उलटा केला तर पडद्यावरचं कसं वाचू?”

“आधी खालचं वाचा मॅडम, मग सुलटा करा.”

खालचं अक्षर मुंगीच्या पायाएवढं. आमच्या ह्यांनी भिंग धरलं, मी वाचलं, दोनदा चुकलं. मग तिने सांगितलं की आमची वॉरंटी संपली आहे, पण अपग्रेडमुळे त्रास झाला असेल तर एकदाच मदत देता येईल. मी म्हटलं, एकदाच पुरे, दुपारी मीटिंग आहे. तिने मला लॅपटॉप बंद करायला लावला आणि चालू करायला लावला. आणि कॅमेरा आला.

“मॅडम, तुम्ही आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?”

“दुपारनंतर सांगते,” मी म्हटलं. अनुभवाने माणूस शहाणा होतो.

दुपारी चांगले कपडे केले. केस नीट बांधले. टेबल खिडकीकडे ओढलं, म्हणजे तोंडावर उजेड. हे शेजारच्या खुर्चीत. मीटिंगची खिडकी उघडली, एकेक चौकोन उगवायला लागला. माझाही होता, स्वच्छ. सायकलवाला समोरच, केस न्हाव्याकडून नुकते कापून आणलेले, म्हणजे तोही तयारीने बसला होता. आणि मला दिसलं की माझ्या पडद्यावर, सायकलवाल्याच्या नाकाशेजारी, आमच्या ह्यांचा अंगठा उमटलाय. सकाळी भिंग धरताना लागला असणार. मी फडकं घेतलं. पडदा पुसला, आणि हात होताच म्हणून बटणांवरूनही फिरवला.

माझा चौकोन काळा झाला.

“काकू, तुमचा कॅमेरा बंद झालाय,” सेक्रेटरी म्हणाला.

“मी इथेच आहे. माझा आवाज ओळखत नाहीस का?”

“आवाज सगळा जिना ओळखतो, काकू,” सायकलवाला म्हणाला. “पण नियम आहे ना?”

माहितीवाले आपल्या चौकोनातून म्हणाले, “मला माहितीये, त्यांचा कॅमेरा काढून परत आत...” त्यांना कोणी बोलू दिलं नाही. सेक्रेटरीने माझा नियम वाचून दाखवला. माझे शब्द, माझ्याच घरात, त्याच्या तोंडून. किती सुटसुटीत लिहिला होता मी. पळायला एक फट ठेवली नव्हती. मतं मोजली. बरोबरी झाली. अध्यक्षांनी घसा खाकरला, आणि सायकलवाल्याने आधीच हसायला सुरुवात केली.

मी कोणतं बटण दाबू आणि कोणतं नको, असं करत होते. आमचे हे उठले. सावकाश उठले, माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, खिशात ठेवलं.

“आठवडाभर सांगतोय,” ते म्हणाले. “तू पुसलंस की हा दिवा लागतो.”

बटणांच्या वरच्या ओळीत एका बटणावर बारीक पिवळा दिवा होता. मला वाटलं होतं, तो शोभेचा. त्यांनी वाकून एका बोटाने ते बटण दाबलं. दिवा विझला आणि चौकोन उजळला. पण ते वाकलेले असल्यामुळे चौकोनात मी नव्हतेच. चौकोनभर आमचे हे होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

“काका दिसतायत,” सेक्रेटरी म्हणाला. “घर दोघांच्या नावावर आहे. कोणाही एकाचं चालेल. काका, तुमचं मत काय?”

“बाक राहू द्या.”

सायकलवाला हसायचा थांबला. “काका, तुमच्या गुडघ्यासाठी आम्ही खाली दरवाजाजवळ चांगली खुर्ची ठेवू. हवी तर पाठीची ठेवू.”

“माझा गुडघा बरा आहे हो,” हे म्हणाले. “ऑपरेशननंतर कधी दुखलाच नाही. बाक हिला लागतो. तिथपर्यंत आली की हिला दम लागतो. ती सांगणार नाही. म्हणून मी बसतो.”

सगळ्या चौकोनांतली तोंडं हलायची थांबली. मला वाटलं, इंटरनेट गेलं.

मी मागून मोठ्याने सांगितलं, की मला काही दम-बिम लागत नाही, हा माणूस काहीही बोलतोय, लिहून घेऊ नका. पण माझं तोंड दिसत नव्हतं. त्यामुळे ते धरलं गेलं नाही.

बाक एका मताने राहिला. सायकलवाला म्हणाला, त्याचंही मत बदलून बाकाला धरा. सेक्रेटरी म्हणाला, दिलेलं मत बदलता येत नाही. हा नियम वकिलाचा आहे, पण बरा आहे. त्याची दया मला लेखी नको होती.

संध्याकाळी सूनबाईला सगळं कळलं. तिने ते बटण दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाली, “अहो आई, हे कॅमेरा बंद करायचं बटण. लॅपटॉप बंद करून चालू केला की कॅमेरा आपोआप परत येतो. आधी हे बटण चालतच नव्हतं. अपग्रेड झालं आणि चालायला लागलं.”

“म्हणजे दोष अपग्रेडचाच,” मी म्हटलं. यावर तिने वाद घातला नाही. हेल्पलाइनवाल्या मुलीलाही मी तसंच कळवणार होते, पण बासरी लागली.

आमच्या ह्यांच्याशी मी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलले नाही. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी थांबत होते, आणि ते म्हणे माझ्यासाठी बसत होते. माणसाने कोणावर उपकार करावेत आणि ते असे मोडीत निघावेत. चार लोकांत सांगायची गोष्ट आहे का ही? आणि तीसुद्धा कॅमेऱ्यात तोंड घालून?

दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना मी ठरवलं होतं, की बाकाकडे बघायचंसुद्धा नाही. थेट वर. दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे आले तेव्हा पिशवी जरा ओढायला लागली होती. हे एक पायरी मागे होते. वळणावर आले, गुडघ्याला हात लावला, आणि बाकावर बसले.

“काय झालं?” मी विचारलं.

“गुडघा,” ते म्हणाले. खिडकीबाहेर बघत.

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर काही दिसू देत नाही हा माणूस. पण गुडघा त्यांचा, दुखतोय की नाही ते त्यांनाच माहीत. आजारी माणसाला जिन्यात एकटं टाकून जाणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून बसले.